मोतीबिंदू परत येत नाही



रमजानला पंधरा-वीस दिवस उरले की मी दरवर्षी खालाजानच्या घरी एक चक्कर टाकते. मसाले, पापड, घराची झाडलोट अशी कामे असतात. घरात दोन हात जास्त असले की ती लवकर उरकतात. या वेळी गेले तेव्हा फज्रनंतर त्या खिडकीपाशी रेहल मांडून तिलावत करत होत्या. मी चहाचा कप घेऊन जवळ बसले आणि ऐकत राहिले. थोड्या वेळाने ध्यानात आले की आवाज पुढे चालला आहे, पण पान काही उलटत नाही. समोर एक पान उघडे होते आणि खालाजान म्हणत होत्या ती सूरत दुसरीच होती, त्यांना लहानपणापासून तोंडपाठ असलेली.

"खालाजान, तुम्हाला दिसत नाही का?"

त्यांनी कुराण शरीफ मिटले आणि जुजदानात ठेवले. "हरफ दिसतात गं. जेर-जबर दिसत नाहीत. चुकीचे वाचण्यापेक्षा जे येते ते म्हणते. उमर झाली आता. कुणाला सांगू नकोस."

त्यांचे वय ७१. अडीच वर्षांपूर्वी एका शिबिरात दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाली, सहा महिन्यांच्या अंतराने. तेव्हा पट्टी काढल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरे वाचून दाखवत होत्या. आणि आता गेले जवळजवळ वर्षभर त्या धुक्यात बसलेल्या होत्या आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. त्यांनी न सांगण्याचे कारणही होते. ऑपरेशनच्या वेळी मोठा मुलगा म्हणत होता की शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेतो, महागडे भिंग घालू. खालाजानने ऐकले नाही. नातीच्या कॉलेजची फी भरायची होती. आता दिसत नाही म्हणावे, तर मुलगा मनाला लावून घेईल.

आणि झालेही तसेच. मी सांगून टाकले तेव्हा भाईजान संतापले. "मी तेव्हाच म्हणत होतो! फुकटच्या भिंगात असेच होणार. मोतीबिंदू परत आला." शेजारच्या एकाने लगेच दुजोरा दिला. दुसऱ्याने आपल्या चुलत्याची अशीच हकिकत सांगितली. संध्याकाळपर्यंत शिबिरवाल्यांकडे जाऊन जाब विचारायचा बेत ठरला होता.

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण एवढे नक्की ठाऊक होते की काढून टाकलेला मोतीबिंदू परत येत नाही, कारण परत यायला ते भिंगच डोळ्यात उरलेले नसते. मग हे धुके कसले? आज त्याच्याविषयी लिहिते. कारण अशा खालाजान आपल्या बऱ्याच घरांत आहेत.

पिशवीत राहून गेलेल्या पेशी

आपल्या डोळ्यातले नैसर्गिक भिंग एका अतिशय पातळ, पारदर्शक पिशवीत असते. द्राक्षाच्या साल आणि गरासारखे समजा. वयाबरोबर गर गढूळ होतो, त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. ऑपरेशनमध्ये डॉक्टर पिशवीच्या पुढच्या बाजूला एक गोल खिडकी पाडतात, गढूळ गर बाहेर काढतात आणि मोकळ्या झालेल्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. पिशवीची मागची बाजू तशीच ठेवतात, कारण नवे भिंग तिच्याच आधाराने राहते आणि डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा द्रव तिच्यामुळे पुढे येत नाही. ही मागची बाजू केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असते.

आता अडचण अशी की पिशवीच्या पुढच्या भागाला आणि कडेला आतून जिवंत पेशींचा एक थर असतो. नैसर्गिक भिंग वाढवणे हेच त्या पेशींचे जन्मभराचे काम. डॉक्टर कितीही काळजीपूर्वक सफाई करोत, कडेच्या घडीत काही पेशी राहतातच. जागा मोकळी मिळाली की त्या पुन्हा वाढू लागतात आणि मागच्या बाजूवरून हळूहळू मध्याकडे सरकतात. कधी त्यांचे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले पुंजके होतात, कधी पिशवीला बारीक सुरकुत्या पडतात. दोन्हींचा परिणाम एकच, धुरकट दिसणे. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा पसरलेला दिसतो, उन्हात डोळे दिपतात, बारीक अक्षर विस्कटते. हे महिन्यांनी होते किंवा वर्षांनीही होते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. म्हणून तर माणूस "उमर झाली" म्हणून गप्प बसतो.

आपल्याकडे याला कुणी "जाळी आली" म्हणतात, कुणी "पडदा आला" म्हणतात. पडदा हा शब्द मात्र जपून वापरावा. डोळ्याच्या अगदी मागे जिथे चित्र उमटते त्या दृष्टिपटलालाही लोक पडदाच म्हणतात. "पडद्याचा त्रास आहे" एवढे ऐकून घरच्यांना वाटते की आता सगळे संपले. म्हणून या लेखात मी जाळी हाच शब्द वापरते.

जाळी किती जणांना धरते? १९९८ साली त्याआधीचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून एक अंदाज काढला गेला. त्यात ऑपरेशननंतर वर्षभरात सुमारे १२ टक्के, तीन वर्षांत सुमारे २१ टक्के आणि पाच वर्षांत सुमारे २८ टक्के डोळ्यांत जाळी आढळली. म्हणजे त्या काळच्या भिंगांमागे पाच वर्षांत चार डोळ्यांपैकी एकाहून अधिक डोळ्यांना हा त्रास होत होता. लहान मुलांमध्ये तर पेशींची वाढ इतकी जोमदार असते की जाळी जवळजवळ धरतेच. त्यामुळे अगदी लहान मुलाचे ऑपरेशन करताना डॉक्टर बहुधा पिशवीच्या मागच्या बाजूलाही त्याच वेळी गोल खिडकी करून ठेवतात.

विमानाच्या काचेपासून

मोतीबिंदूवरचे उपाय फार जुने आहेत. आपल्या देशात सुश्रुताच्या काळापासून सुईने गढूळ भिंग मागे ढकलण्याची रीत होती. अरब हकीम या आजाराला पाणी उतरणे म्हणत, आणि आपल्याकडच्या युनानी हकिमांच्या तोंडी नजूल-उल-माअ हा शब्द त्यातूनच आला. सुमारे हजार वर्षांपूर्वी मोसुलहून कैरोला गेलेले अम्मार इब्न अली हे डोळ्यांचे हकीम भिंग नुसते मागे न ढकलता पोकळ सुईने गढूळपणा ओढून काढण्याची रीत आपल्या ग्रंथात लिहून गेले. पण ढकलले काय आणि काढले काय, डोळ्यात भिंगाची जागा रिकामीच राहत असे. आपल्या लहानपणी ऑपरेशन झालेल्या आजोबांच्या नाकावर ते बाटलीच्या बुडासारखे जाड चश्मे होते ना, ते या रिकाम्या जागेमुळेच.

ती जागा भरण्याचा मार्ग दुसऱ्या महायुद्धात सापडला. १९४० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या एका वैमानिकाच्या विमानावर गोळीबार झाला आणि कॉकपिटच्या छताचे तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले. हे छत साध्या काचेचे नव्हते, पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचे होते. लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडले अशा वैमानिकांचे डोळे तपासत होते. त्यांना दिसले की हे प्लास्टिकचे तुकडे डोळ्यात राहूनही डोळा सुजत नाही, त्यांना मुकाट सामावून घेतो. पुढे एकदा त्यांचे ऑपरेशन पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवत नाही? रिडले यांच्या मनात घोळत असलेल्या विचाराला त्या प्रश्नाने जोर आला. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ४५ वर्षांच्या एका बाईच्या डोळ्यात त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग पहिल्यांदा बसवले.

पहिले भिंग निर्दोष नव्हते. नंबराचा हिशेब चुकला आणि त्या बाईला दूरचे पाहायला जाड चश्मा लागला. भिंग जड होते, त्याला धरून ठेवणारे पाय नव्हते, त्यामुळे काही रुग्णांत ते जागेवरून घसरले. काहींच्या डोळ्याला सूज आली, काहींचा दाब वाढला. त्या काळचे नामवंत डॉक्टर रिडले यांच्यावर तुटून पडले. ज्या डोळ्यातून बाहेरची वस्तू काढायची, तिथे तुम्ही ती घालता कशी, असा त्यांचा सवाल होता. मग इतरांनी भिंग बाहुलीच्या पुढे बसवून पाहिले, तर आतून घासून बुबुळाची काच खराब होऊ लागली. नायलॉनचे पाय लावले, तर काही वर्षांत ते डोळ्यात झिजून तुटू लागले. प्रत्येक चुकीची किंमत कुणाच्या तरी डोळ्याने मोजली.

१९७७ पासून लवचीक वळणदार पाय असलेली भिंगे बाहुलीच्या मागे बसवणे रुळले, म्हणजे रिडले यांनी निवडलेल्या मूळ जागीच. १९८० च्या दशकात घडी घालून बारीक छेदातून आत सरकवता येणारी मऊ भिंगे आली. पिशवीला नेटकी गोल खिडकी पाडण्याची रीतही त्याच दशकात बसली. रिडले यांना उशिराने मान मिळाला. २००० साली, ९३ वर्षांचे असताना, त्यांना सर हा किताब दिला गेला. तोपर्यंत त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत अशीच भिंगे बसलेली होती, आणि तीही सेंट थॉमस रुग्णालयातच.

घसरणे, सुजणे, घासणे हे त्रास कमी होत गेले. जाळी मात्र राहिली.

कडेची करामत

१९९० च्या दशकात अ‍ॅक्रिलिक या मऊ प्लास्टिकचे एक घडी होणारे भिंग बाजारात आले. डॉक्टरांना हळूहळू जाणवले की या भिंगामागे जाळी बरीच कमी धरते आहे. पहिला तर्क साहजिक होता. नवे प्लास्टिक चिकट आहे, पिशवीला घट्ट चिकटून बसते, म्हणून पेशींना मधे शिरायला जागा उरत नाही. तर्क चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता.

जपानमधले नेत्रतज्ज्ञ ओकिहिरो निशी यांचे लक्ष भिंगाच्या कडेकडे गेले. जुन्या भिंगांच्या कडा घासून गोल, गुळगुळीत केलेल्या असत. डोळ्यासारख्या नाजूक जागी धारदार काही नको, हा त्यामागचा विचार होता. या नव्या भिंगाची कड मात्र चौकोनी होती, फरशीच्या कोपऱ्यासारखी. निशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या डोळ्यांवर प्रयोग केले. तेच प्लास्टिक, तेच भिंग, फक्त त्याची कड घासून गोल केली. तर जाळी अडवण्याचा गुण गेला! म्हणजे खरी करामत मुख्यतः कडेची होती.

ती कशी चालते? ऑपरेशननंतर काही आठवड्यांत रिकामी पिशवी आकसते आणि भिंगाभोवती घट्ट बसते, ताणून बसवलेल्या उशीच्या खोळीसारखी. कड चौकोनी असेल तर मागची बाजू त्या कोपऱ्यावर काटकोनात वळते. सरकत आलेल्या पेशींना हे तीव्र वळण पार करता येत नाही आणि त्या तिथेच थबकतात. कड गोल असेल तर त्या घसरगुंडीवरून उतरावे तशा आत उतरतात.

वाचायला सोपे वाटते, पण भिंग घडवणाऱ्यांची खरी परीक्षा इथून पुढे होती. एक दुखणे बरे करावे तर दुसरे उभे राहते. चौकोनी कडेवर बाजूने येणारा उजेड परावर्तित होऊ लागला. काही रुग्णांना डोळ्याच्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखी चमक किंवा सावली दिसू लागली. मग काही भिंगांत मागची कड चौकोनी ठेवून पुढची गोल केली, काहींत कड खरबरीत केली, म्हणजे उजेड एका जागी चमकणार नाही. पुढे दिसले की भिंगाचा पाय जिथे भिंगाला जोडलेला असतो तिथे चौकोनी कड तुटते, आणि पेशी नेमक्या त्या फटीतून आत येतात. मग ती कड पायांच्या मुळाशीही सलग फिरवली गेली. कुंपण सगळीकडे पक्के आणि फाटक उघडे, असा तो प्रकार होता.

प्लास्टिकाचेही तसेच. पाणी न धरणाऱ्या अ‍ॅक्रिलिकमागे जाळी कमी धरते, पण काही भिंगांच्या आत वर्षांनी पाण्याचे सूक्ष्म चमकते ठिपके दिसतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पाणी धरणारे अ‍ॅक्रिलिक मऊ आणि हाताळायला सोपे असते, पण त्यामागे जाळी तुलनेने जास्त धरते, आणि क्वचित भिंगातच कॅल्शियम साचून ते पांढरट होते. सर्व गुण एकाच ठिकाणी असलेले भिंग अजून घडलेले नाही.

आणि भिंग कितीही चांगले असले तरी ते बसवणारा हात तितकाच महत्त्वाचा. पिशवीच्या पुढच्या बाजूची गोल खिडकी भिंगापेक्षा किंचित लहान हवी. भिंग साधारण ६ मिलिमीटर व्यासाचे असते आणि खिडकी ५ ते साडेपाच मिलिमीटरची. म्हणजे खिडकीचा काठ भिंगाच्या कडेवर सगळीकडून झाकणासारखा बसतो आणि भिंग मागे दाबून धरतो. खिडकी एका बाजूला मोठी झाली तर त्या बाजूने चौकोनी कडेचा उपयोग कमी होतो.

फुकटचे भिंग

आता भाईजानच्या रागाकडे येते. फुकटचे भिंग म्हणजे हलके भिंग, हा समज आपल्यात खोल रुजला आहे. म्हणून मदुराईची हकिकत सांगते.

१९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी तिथे ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ऑपरेशने वाढत गेली, पण परदेशी भिंगाची किंमत तेव्हा १०० डॉलरच्या आसपास होती. ती गरिबाला परवडणारी नव्हती, म्हणून गरिबाच्या वाट्याला तो जाड चश्मा येई. १९९२ साली त्याच संस्थेने ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि भिंगाची किंमत सुमारे १० डॉलरपर्यंत, पुढे त्याच्याही खाली आणली. ही भिंगे पीएमएमएची होती. पीएमएमए म्हणजे रिडले यांच्या पर्स्पेक्सचीच जात. ती कडक असतात, घडी होत नाहीत, त्यांना थोडा मोठा छेद लागतो, पण स्वस्त आणि टिकाऊ असतात.

त्यांच्यापुढे प्रश्न होता की चौकोनी कडेचा फायदा फक्त महागड्या, घडीच्या भिंगांनाच का मिळावा? कड ही घडवण्याची बाब आहे. स्वस्त पीएमएमए भिंगालाही चौकोनी कड देता येते. ती दिली गेली, आणि तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांना वर्षानुवर्षे पुन्हा बोलावून तपासले. २०१७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नऊ वर्षांपर्यंत पाहिले तर चौकोनी कडेच्या पीएमएमए भिंगांमागे गोल कडेच्या भिंगांपेक्षा जाळी स्पष्टपणे कमी होती.

आपल्यासारख्या घरांसाठी यातला बोध मोठा आहे. भिंगाची किंमत आणि भिंगाचा गुण हे एकच नव्हेत. महागड्या भिंगांत पैसे बहुधा दुसऱ्या सोयींसाठी मोजले जातात. दूरचे आणि जवळचे दोन्ही चश्म्याशिवाय दिसावे, तिरपा नंबर जावा, छेद लहान व्हावा. या सोयी हव्या असतील आणि परवडत असतील तर जरूर घ्याव्यात. पण कर्ज काढून महागडे भिंग घातले म्हणजे जाळी येणारच नाही, असे नाही. आणि शिबिरातले भिंग घातले म्हणजे ती येणारच, असेही नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी खालाजानचे डोळे तपासले तेव्हा भाईजानने पहिला प्रश्न हाच विचारला. बिस्किटांच्या डब्यात रेशनकार्डाबरोबर ठेवलेले भिंगाचे कार्ड आम्ही सोबत नेले होते. डॉक्टरांनी ते पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "भिंग जागच्या जागी आहे, स्वच्छ आहे. ज्याने बसवले त्याने काम चांगले केले आहे. मागे जाळी धरली आहे, एवढेच. लाखाचे भिंग असते तर धरली नसती, असे मी सांगू शकत नाही. पण आई, वर्षभर का थांबलात?"

खालाजान काही बोलल्या नाहीत. भाईजान खाली पाहत होते.

पाच मिनिटांचे काम

जाळीवर उपाय आहे, आणि तो १९८० च्या दशकापासून चालत आलेला आहे. त्याला यॅग लेसर म्हणतात. डोळ्यात बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतात. रुग्ण यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसतो. लेसरच्या बारीक ठिणग्यांनी धुरकट पिशवीच्या मधोमध एक छोटी खिडकी उघडतात. चिरा नाही, टाका नाही, पट्टी नाही. काही मिनिटांत होते. मग काही दिवस डोळ्यांपुढे ठिपके तरंगल्यासारखे वाटतात आणि एक-दोन दिवसांत नजर साफ होऊ लागते. उघडलेली खिडकी सहसा परत बंद होत नाही.

तरी ही खेळण्यातली वस्तू नव्हे. लेसरनंतर काही वेळ डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून तो तपासतात आणि थेंब देतात. क्वचित दृष्टिपटलाला सूज येते किंवा दृष्टिपटल सुटते. म्हणूनच नजरेला अडथळा होत नसेल तर उगाच लेसर करत नाहीत. आणि म्हणूनच जाळी मुळात कमी धरेल असे भिंग घडवण्यासाठी एवढी खटपट चालते. खेड्यातल्या माणसाला लेसरचे यंत्र असलेला दवाखाना गाठायला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोडावे लागते. त्याच्यासाठी पहिल्यांदाच नीट कडेचे भिंग बसणे हीच मोठी मदत आहे.

संशोधन अजून थांबलेले नाही. पेशींची वाढ रोखणारे औषध भिंगावरच लावता येईल का, पिशवी आकसू न देता उघडी ठेवणारी कडी बसवून पेशींना शांत ठेवता येईल का, अशा वाटांनी शोध चालू आहे.

घरात काय लक्षात ठेवावे

ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना विचारायला लाजू नका. कोणत्या प्लास्टिकचे भिंग आहे? मागची कड चौकोनी आहे का? मधुमेह असेल तर तो आधी सांगा आणि साखर आटोक्यात आणा. जाड चष्म्याचा नंबर, काचबिंदू, डोळ्याला पूर्वी लागलेला मार, हेही सांगा.

ऑपरेशननंतर भिंगाचे कार्ड किंवा स्टिकर मिळते. त्यावर भिंगाचा प्रकार, नंबर आणि क्रमांक असतो. ते आधारकार्डाइतके जपा.

डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका आणि वाकू नका, असे डॉक्टर सुरुवातीच्या दिवसांत सांगतात. तेव्हा आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिली काळजी वुजूची आणि सजद्याची पडते. ती ओळखून डॉक्टरांना नेमके विचारा की तोंड किती दिवस धुवायचे नाही, डोके किती दिवस खाली करायचे नाही. मग ते उत्तर घेऊन आपल्या इमामसाहेबांकडे जा. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे. मसह कसा करावा, बसून इशाऱ्याने नमाज कशी पढावी, हे ते नीट समजावतील. सवलत असताना हट्टाने डोळ्याला इजा करून घेऊ नये.

पहिल्या काही दिवसांत डोळा ठणकू लागला, लाल झाला, चिपडे आली किंवा नजर झपाट्याने कमी झाली, तर ते जाळीचे लक्षण नाही. तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका. नंतर कधीही डोळ्यांपुढे विजा चमकल्यासारखे वाटले किंवा काळा पडदा सरकत आल्यासारखे दिसले, तरीही तसेच करा.

आणि महिने-वर्षांनी हळूहळू धुरकट झाले, तर महिनाभरात तपासून घ्या. जाळी असेल तर उपाय सोपा आहे. जाळी नसून काचबिंदू किंवा मधुमेहाचा दृष्टिपटलावरचा परिणाम असेल, तर तो वेळेवर कळणे त्याहून जास्त जरुरीचे आहे. धुरकट दिसणे म्हणजे जाळीच, असे घरबसल्या ठरवू नका.

शेवटची गोष्ट तरुणांसाठी. आपले वडीलधारे नजर गेल्याचे सांगत नाहीत. त्यांना खर्च नको असतो, कुणाला त्रास नको असतो. त्यांच्या वागण्यातून ते ओळखावे लागते. अम्मी तांदूळ निवडायला सुनेला सांगू लागली, अब्बा वर्तमानपत्र नुसते हातात धरून बसू लागले, नानीने सुई-दोरा बाजूला ठेवला, की समजावे. सहा महिन्यांतून एकदा आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून कॅलेंडरावरची तारीख वाचायला सांगा. याला पैसे लागत नाहीत.

खालाजानच्या दोन्ही डोळ्यांचे लेसर रमजानच्या आधी झाले. चाँदरातीला माझा फोन गेला तेव्हा नातीने उचलला. म्हणाली, "दादी कामात आहे. माझ्या दुपट्ट्याला किनार लावतेय, आणि सुईत दोरा मला ओवू देत नाही."

अल्लाह आपल्या सर्वांच्या वडीलधाऱ्यांची नजर सलामत ठेवो. आमीन.